काटकसरीची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीच्या बैठकीत विषयांची वाटणी झाली तेव्हा नोंदणीची धावपळ, कन्व्हेयन्स, गणेशोत्सव, क्रिकेटचे सामने असे मोठे विषय भराभर संपले. मग सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही काहीतरी घरगुती लिहा. घरखर्च कसा वाचवावा वगैरे. नव्या मंडळींना उपयोग होईल." मी हो म्हटलं आणि घरी येऊन पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. इथे राहायला आल्यापासूनच्या माझ्या हिशेबाच्या वह्या तिच्यात आहेत. वर्षाला एक, अशा पंचवीस.

वह्या चाळायला बसले त्यात चार दुपारी गेल्या. मला वाटलं होतं, खर्च वाचवायच्या माझ्या युक्त्या त्यात सापडतील. सापडल्याही. पण ज्या युक्त्या वर्षानुवर्षं टिकल्या, त्यांतली एकही माझ्या एकटीची नव्हती. म्हणून सल्ले देण्याआधी मी या सोसायटीतल्या काटकसरीचा इतिहासच सांगते. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माहेरची शिदोरी

माझं माहेर नायगावचं. चाळीतली एक खोली, वडील गिरणीत, आम्ही चार भावंडं. मुंबईत रेशनिंग आलं ते १९४३ साली, महायुद्धाच्या दिवसांत. युद्ध संपलं, पण रेशनकार्ड राहिलं. आमच्या घरी ते देवाच्या फळीवर पंचांगाखाली ठेवलेलं असे, आणि ते हरवू नये म्हणून आई जितकी जपे तितकी स्वतःच्या दोन बांगड्यांनाही जपत नसे.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. तेल, साखर, रवा, रॉकेल, एकेक वस्तू दुकानातून नाहीशी व्हायची आणि परत यायची ती वाढलेल्या भावाने. रॉकेलच्या रांगेत आम्ही मुलं डबा ठेवून नंबर लावायचो. त्या वेळी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हातात लाटणं घेऊन निघालेले त्यांचे मोर्चे मुंबईने पाहिले. माझी आई बाजाराखेरीज कधी एकटी कुठे गेली नव्हती. तीसुद्धा चाळीतल्या बायकांबरोबर एका मोर्चाला गेली. संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले आणि त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या.

नायगावात कामगारांनी १९४८ साली ग्राहकांची सहकारी संस्था काढली होती. पुढे सगळी मुंबई तिला 'अपना बाजार' म्हणून ओळखू लागली. आमचं सामान बहुधा तिथूनच येई. मग १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक चळवळीतली ही संस्था. तिची रीत साधी होती. काही घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी आधी द्यायची, पैसे गोळा करायचे, सगळ्यांचं सामान एकदम यायचं आणि सभासदांनीच ते वाटून घ्यायचं. आमच्या चाळीतही असा संघ झाला. महिन्यातून एकदा आमच्या खोलीत गोणपाट अंथरलं जाई, आणि नाव वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे.

आई तेव्हा म्हणायची, "एकटी गेलीस तर वजन दुकानदार करतो. दहा जणी गेलात तर वजन तुम्ही करता." मला तेव्हा ते फक्त मापात मारण्याबद्दल वाटायचं. त्याचा सगळा अर्थ कळायला मला या सोसायटीत यावं लागलं.

अकरा घरं, बावीस कट्टे

२००० साली आपण सगळे डोंबिवलीत इथे राहायला आलो. हातात किल्ली आली आणि हातातले पैसे संपले, अशी बहुतेकांची गत होती. गृहकर्जाचे व्याजदर तेव्हा आजच्यापेक्षा बरेच जास्त होते. आमच्या घरात हप्ता गेल्यावर जे उरे त्यात शाळेची फी, लोकलचे पास आणि घरखर्च बसवायचा. बत्तीस घरं, पण ओळखी नव्हत्या. जिन्यात भेटलो की हसायचो, तेवढंच.

२००१ च्या एप्रिलमध्ये तळमजल्यावरच्या काकूंनी मला गेटपाशी थांबवून विचारलं, "वर्षाचा गहू कुठून भरता हो तुम्ही?" मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून, महिन्याचा महिन्याला." त्या म्हणाल्या, "मीसुद्धा. आणि दर महिन्याला वेगळा गहू येतो." या दोन वाक्यांवर सगळं सुरू झालं. आठवडाभरात अकरा घरं तयार झाली. मशीदबंदरचा दाणाबाजार तोवर वाशीला गेला होता. आमचे हे आणि बी विंगमधले दोघेजण रविवारऐवजी मुद्दाम रजा टाकून वाशीला गेले, सिहोर आणि लोकवन दोन्ही पाहिले, मूठभर नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून आणले. तळमजल्यावर त्या पिठाच्या पोळ्या झाल्या, अकरा घरांतल्या बायकांनी खाऊन पाहिल्या, मग ठरलं. घरटी दोन कट्टे, ५० किलोचे. बावीस कट्टे घेऊन टेम्पो गेटात शिरला तेव्हा वॉचमनने विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?"

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: टेम्पोभाडं धरूनही किलोमागे दीड रुपया सुटला. घरटी १५० रुपये. आज हा आकडा वाचून हसू येईल, पण तेव्हा त्यात मुलीची दोन महिन्यांची रिक्षा निघत होती.

त्या मे महिन्यात आपली गच्ची पहिल्यांदा भरली. गहू ऊन दाखवून निवडून भरायचा, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, हे सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. पण कोकणातल्या घराची पद्धत वेगळी, खानदेशातल्या घराची वेगळी. पापड, कुरडया, सांडगे एकीच्या घरचे चार घरी जाऊ लागले. काही दिवसांनी कुणीतरी वजनकाटा विकत घ्यायचं सुचवलं. अकरा घरांनी वर्गणी काढून घेतलेला तो काटा अजून मीटररूममध्ये आहे.

जास्त आलेला कट्टा

आता ती न सांगितलेली गोष्ट.

२००३ च्या जानेवारीत ह्यांची कंपनी बंद झाली. आम्ही कुणाला सांगितलं नाही. हे रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि नोकरी शोधून संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत यायचे. मी वहीत ओळी कमी करत गेले. पेपर बंद. दूध अर्धा लिटर. बाहेरून येणारी इस्त्री बंद. मुलांच्या खाऊची ओळ खोडली, आणि त्या दिवशीचं पान अजून थोडं सुरकुतलेलं आहे.

एप्रिलमध्ये गव्हाचे पैसे गोळा करायची वेळ आली. मी सांगून टाकलं, "यंदा आम्ही गावाहून आणणार आहोत." काकूंनी "बरं" म्हटलं आणि यादीतून आमचं नाव खोडलं. टेम्पो आला, वाटप झालं, मी खाली गेलेच नाही. संध्याकाळी दार वाजलं. दारात काकूंचा मुलगा, खांद्यावर कट्टा. मागे काकू. म्हणाल्या, "हिशेबात एक कट्टा जास्त आलाय बघ. आमच्याकडे ठेवायला जागा नाही. तुझ्याकडे राहू दे. तुझा गावचा गहू आला की पाहू." मी काही बोलायच्या आत त्या जिना उतरूनही गेल्या.

गावाहून गहू येणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या सासरी गहू पिकतच नाही, भात पिकतो. कट्टाही हिशेबात जास्त आलेला नव्हता, तो त्यांच्या दोनांतला एक होता. हे मला फार उशिरा, त्यांच्या मुलाकडून कळलं.

त्या कट्ट्याचे पैसे मी चार हप्त्यांत फेडले. चौथा हप्ता द्यायला गेले तेव्हा रडले आणि सगळं सांगितलं. काकूंनी चहा ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, अकरा घरांत दर वर्षी एक घर अडचणीत असणारच. ते कुठलं, हे विचारायची गरज पडू नये, अशी काहीतरी सोय करायला हवी." पुढच्या एप्रिलपासून नियम झाला: गव्हाचे पैसे कुणीही एकदम द्यावेत किंवा तीन हप्त्यांत. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. त्या वर्षी तीन घरांनी हप्ते घेतले. बाकीची दोन कोणती, हे इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

काटकसरीबद्दल लोक सल्ले देतात, पण तिच्यातली लाज कुणी बोलून दाखवत नाही. एकट्याने केलेली काटकसर लपवावी लागते. चार घरांनी मिळून केली की ती रीत होते. आईच्या त्या वाक्याचा उरलेला अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

पाणी, वीज आणि वायसर

सुरुवातीच्या उन्हाळ्यांत टँकर मागवावे लागत आणि त्याचा बोजा मेंटेनन्सवर येई. एका वार्षिक सभेत बराच वाद झाला. कोण गाड्या धुतं, कोणाच्या घरी पाहुणे फार, इथवर गोष्ट गेली. शेवटी ए विंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या घरातल्या गळक्या नळाखाली रात्री बादली ठेवली आणि सकाळी ती सभेच्या फळ्यापाशी आणून ठेवली. बादली निम्मी भरली होती. पुढच्या रविवारी सोसायटीने प्लंबरला दिवसभरासाठी बोलावलं आणि बत्तीस घरांतले गळके नळ तपासून घेतले. बहुतेक ठिकाणी काही रुपयांचा वायसर बदलायचा होता. एकेका घराने एकेकट्या वायसरसाठी प्लंबर बोलावला असता तर त्याच्या फेरीचेच पैसे जास्त झाले असते, म्हणून कुणी बोलावत नव्हतं. त्याच दिवशी गच्चीवरच्या टाकीचा बिघडलेला फ्लोटही बदलला. वर्षातून एकदाचा हा 'वायसर रविवार' पुढे बरीच वर्षं चालला.

विजेचं तसंच. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं जुन्या रहिवाशांना आठवत असतील. जिन्यात मेणबत्त्या, गच्चीवर अभ्यासाला बसलेली मुलं. वीज नसतानाच तिची किंमत कळते म्हणतात, तसं झालं आणि लोक सामायिक मीटरचं बिल वाचू लागले. जिन्यांत आणि गेटवर मिळून दहा दिवे होते, ६० वॅटचे पिवळे बल्ब, रात्रभर बारा तास चालू. हिशेब केला तर महिन्याला २१६ युनिट नुसत्या जिन्याला लागत होते. आधी सीएफएल आले. मग २०१५ साली केंद्र सरकारच्या उजाला योजनेमुळे एलईडी दिवे स्वस्त झाले तेव्हा ९ वॅटचे लावले. तेच दहा दिवे, तेच बारा तास, आणि युनिट साडेबत्तीसच्या आत. हा हिशेब सभेत फळ्यावर मांडला गेला आणि पुढच्या दोन महिन्यांत बहुतेक घरांतले पिवळे बल्ब आपोआप गेले.

आणखी एक गोष्ट मुलांनी सुरू केली. जूनमध्ये शाळेची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्या वर्गातल्याला द्यायची. बालभारतीची पुस्तकं तशी महाग नव्हती, पण दोन मुलांच्या घरात वह्या, दप्तर, गणवेश आणि रेनकोट एकाच महिन्यात येतात. मीटररूमबाहेरच्या बाकावर पुस्तकं ठेवलेली असत. ज्याला हवीत त्याने न्यावीत, कुणाची ते विचारू नये. काकूंच्या नियमाचीच ती छोटी आवृत्ती होती.

माझी चूक

इतिहास लिहायचा तर पडझडही लिहायला हवी. २०११ साली तांदूळ आणायची जबाबदारी माझ्यावर होती. तोवर आमचा गट अठरा घरांचा झाला होता. मी किलोमागे दोन रुपये वाचवायच्या नादात नेहमीचा व्यापारी सोडून दुसरीकडचा माल घेतला. नमुना चांगला होता. कट्टे उघडले तेव्हा आतला तांदूळ ओलसर निघाला आणि पावसाळ्यात त्याला किडे झाले. काहींनी समजून घेतलं, काहींनी मला जिन्यात सुनावलं, आणि कुणीतरी "कमिशन घेतलं असेल" असंही म्हणालं. ते मला फार लागलं. मी पुढच्या वर्षी जबाबदारी सोडली आणि ती दुसऱ्या कुणी घेतली नाही. तोवर जवळच मोठी दुकानं निघाली होती, सुना नोकरीला जात होत्या, कट्टा निवडायला वेळ कुणाला होता? तळमजल्यावरच्या काकूही मुलाकडे पुण्याला गेल्या. गट संपला. वाईट वाटलं, पण एक खरं सांगते: ती सगळी काटकसर बायकांच्या दुपारींवर उभी होती. निवडणं, वाळवणं, दळणं, सगळं. वहीत त्या वेळाची किंमत मी कधी लिहिली नाही. आज कुणी पुन्हा सुरू करणार असेल तर पुरुषांनी नुसतं वाशीला जाऊन भागणार नाही.

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा जिन्यात चारचौघी म्हणाल्या, "आपला गट हवा होता." पण नुसतं म्हणून गट उभा राहत नाही.

तो उभा राहिला २०२० च्या मार्चमध्ये. टाळेबंदी लागली, गेटला कुलूप लागलं आणि पहिल्या आठवड्यातच वरच्या मजल्यांवरच्या तीन वृद्ध जोडप्यांच्या घरी भाजी संपली. बी विंगमधल्या तरुण मुलांनी व्हॉट्सॲपवर यादी केली. एका शेतकऱ्याचा टेम्पो थेट गेटवर येऊ लागला. मीटररूममधला काटा धूळ झटकून बाहेर आला. पहिल्या वाटपाला मी मास्क लावून खुर्चीवर बसले होते. यादी करणारा मुलगा म्हणाला, "आजी, ज्यांचा पगार थांबलाय त्यांचं काय करायचं?" मी त्याला २००४ चा नियम सांगितला. त्याने मोबाईलवर तसाच टाईप केला: पैसे एकदम किंवा तीन हप्त्यांत, कारण विचारायचं नाही.

वहीतून उरलेलं

सेक्रेटरींनी सल्ले मागितले होते, तेही देते. पंचवीस वह्यांत जे टिकलं ते असं.

खर्च त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेला हिशेब नेहमी चुकतो, आणि चुकतो तो आपल्या बाजूनेच.

डाळ, तांदूळ अर्धा तास भिजवून ठेवा. डाळ, भात, बटाटे एकाच कुकरात एकावर एक लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, नुसती शिट्ट्या वाढतात.

बाजारात जाताना यादी न्या आणि पोट भरून जा. 'एकावर एक फ्री' घेतलं त्यातलं दुसरं आमच्या घरी निम्म्या वेळा फुकट गेलं.

टीव्ही आणि त्याचा सेटटॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करा. लाल दिवा दिसतोय म्हणजे वीज जातेय.

स्वस्त भाजीसाठी रिक्षाने लांब जाऊ नका. मी वर्षभर गेले. वहीत मांडलं तेव्हा कळलं की वाचले त्यापेक्षा रिक्षाला जास्त गेले.

स्वस्तातला माल ओळखीशिवाय अठरा घरांसाठी घेऊ नका. हा सल्ला मला महागात पडला आहे.

आणि शेवटचं: शिडी, ड्रिल मशीन, मोठी पातेली, लग्नकार्याच्या सतरंज्या, या वस्तू बत्तीस घरांत बत्तीस लागत नाहीत.

गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. तेव्हापासून आपल्याकडच्या इमारतींच्या पाट्यांवर 'सहकारी' हा शब्द आहे. आपल्याही आहे. मेंटेनन्सची पावती फाडताना तो रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून दिसत नाही.

तळमजल्यावरच्या काकू गेल्या वर्षी पुण्यात वारल्या. त्यांच्या मुलाला मी फोन केला तेव्हाच त्याने कट्ट्याची खरी हकिकत सांगितली आणि ती इथे लिहायला परवानगीही दिली. त्या वर्षी त्यांच्या घरी गहू दिवाळीतच संपला होता म्हणे.

येत्या एप्रिलमध्ये ए विंगमधली दोन नवी कुटुंबं गहू आणायचं म्हणताहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं. काटा तेल घालून ठेवला आहे. पैसे एकदम किंवा तीन हप्त्यांत.

सर्व रहिवाशांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.